खरखर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या माडीवर एक चमत्कारिक पाहुणा मुक्कामाला होता. त्याला दोन पिवळी चाके होती, मागे एक लहानसे भिरभिरते चाक होते आणि पुढे दोन वाटोळे डोळे होते. पोटात दीड व्होल्टचे चार सेल, पाठीवर तळहाताएवढी निळी पाटी आणि सर्वांगावर रंगीबेरंगी तारांचे जंजाळ, असे त्याचे एकंदर ध्यान होते. माझ्या सातवीतल्या नातीने ते स्वतःच्या हाताने जोडले होते. ती त्याला 'रोबो' म्हणे. मी मात्र त्याला 'गाडा' म्हणत असे आणि त्यामुळे ती माझ्यावर रुसत असे.

मी जन्मभर मराठी शिकवले. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवरून निवृत्त होईपर्यंत विजेशी माझा संबंध दिव्याचे बटण दाबण्यापुरताच होता. त्यामुळे त्या सुट्टीत शिकवण्याचे काम नातीकडे आणि शिकण्याचे काम माझ्याकडे आले. इतक्या वर्षांनी बाकाच्या पलीकडच्या बाजूला बसण्यात मला मोठी मौज वाटत होती.

"आजोबा, हे दिसतात डोळ्यांसारखे," ती मला म्हणाली, "पण ते पाहत नाहीत, ऐकतात."

मग तिने मला सारे समजावून सांगितले. गाड्याचा एक डोळा आवाज सोडतो. तो सेकंदाला चाळीस हजार कंपनांचा असतो, म्हणून माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. समोरच्या वस्तूवर आपटून त्याचा प्रतिध्वनी परत आला, की दुसरा डोळा तो टिपतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. पुस्तक ३० सेंटिमीटरवर असेल, तर जाऊन येऊन ६० सेंटिमीटरचा प्रवास होतो आणि त्याला सेकंदाचा सुमारे ५७० वा भाग एवढाच वेळ लागतो. निळी पाटी म्हणजे गाड्याचा मेंदू. ती हा वेळ मोजते, त्यावरून अंतर काढते आणि वस्तू फार जवळ आली की चाकांना वळण्याची आज्ञा देते. वटवाघूळ अंधारात हेच करते. फरक इतकाच, की त्याला कोणी आज्ञावली लिहून द्यावी लागत नाही!

गाड्यापासून ३० सेंटिमीटरवर तिने शब्दकोश उभा केला. संगणकाच्या पडद्यावर आकडे उमटू लागले : ३०, ३०, ३१, ३०. मला धन्य वाटले. पण तिचा चेहरा काही खुलला नाही.

"आता मोटारी सुरू करते. बघा हं," ती म्हणाली.

गाडा पुस्तकांच्या ढिगावर ठेवलेला होता. त्याची चाके अधांतरी गरगर फिरू लागली आणि पडद्यावरचे आकडे वेड लागल्यासारखे उड्या मारू लागले : ३०, ७, २१२, ०, ३१, ९. शब्दकोश तर जागचा हलला नव्हता. मध्येच निळ्या पाटीवरचा दिवा लुकलुकला आणि झोपेतून दचकून उठलेल्या माणसाप्रमाणे गाड्याने सारा कार्यक्रम पहिल्यापासून सुरू केला.

दोन दिवस ती या आजाराचे निदान करत होती. आज्ञावली तिने तीन वेळा वाचली, तिच्यात चूक सापडली नाही. मैत्रिणीकडून नवे डोळे मागून आणून बसवले, तेही तसेच वागू लागले. शेवटी, जिथे कारण सापडत नाही तिथे माणूस जे करतो तेच तिने केले : तिने अपराधी शोधला.

तिचा धाकटा भाऊ तिसरीत आहे. आदल्या दिवशी त्याने गाड्याला हात लावला होता.

"यानंच काहीतरी तोडलंय!" ती कडाडली.

"मी फक्त चाक फिरवून पाहिलं," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

मी मध्ये पडलो, पण कसा? मुख्याध्यापकाच्या आवाजात मी त्याला विचारले, "खरं सांग. तार ओढलीस ना?" 'ओढलीस का' असे मी विचारले नाही. 'ओढलीस ना' असे विचारले. तो काही बोलला नाही. खाली मान घालून तो जिना उतरून गेला.

त्या संध्याकाळी मी माडीवरच आरामखुर्चीत बसलो होतो. हाताशी माझा जुना ट्रान्झिस्टर होता. मध्यम लहरींवर एखादे दूरचे केंद्र लागते का, हे मी काटा सावकाश फिरवून पाहत होतो. हा माझा जुना छंद आहे. एक गाणे अस्पष्ट ऐकू येऊ लागले आणि तेवढ्यात रेडिओतून खर्रर्र असा कर्कश आवाज उसळला. गाणे त्यात बुडून गेले. मी मान वळवली. कोपऱ्यात नातीने गाडा सुरू केला होता.

"जरा थांबव तो," मी म्हणालो.

चाके थांबली. गाणे परत आले.

"आता सुरू कर."

पुन्हा खर्रर्र! तिने वेग वाढवला, तसा खरखरीचा सूर चढला. वेग कमी केला, तसा तो उतरला. मी रेडिओ उचलून दाराबाहेर नेला, तेव्हा खरखर मंद झाली. गाड्याजवळ आणला, तेव्हा कान किटले. गाड्याचा आणि रेडिओचा एकमेकांशी एका तारेचाही संबंध नव्हता. तरीही गाडा काहीतरी बोलत होता आणि रेडिओ ते ऐकत होता.

"आजोबा, म्हणजे माझा रोबो आकाशवाणी झालाय!" नात टाळ्या पिटत म्हणाली.

मीही हसलो. पण हसता हसता मला एकाएकी एक शब्द आठवला आणि माझे हसू मावळले. तो शब्द होता 'चटणी'.

ही गोष्ट १९८४ सालची आहे. मी तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नवा शिक्षक होतो. त्या काळी आकाशवाणीवरून शाळांसाठी कार्यक्रम होत. आमच्या शाळेत एक मोठा रेडिओ होता आणि तो माझ्या ताब्यात होता. तो पुसण्याचे आणि वेळेवर लावण्याचे काम मी आठवीतल्या एका मुलाकडे दिले होते. मुलगा अंगाने किरकोळ, बोलण्याला थोडा आणि हातांना भारी चळवळ्या होता. मोडके घड्याळ, बिघडलेली विजेरी, सायकलचा दिवा, जे मिळेल ते तो उघडून पाही.

काही दिवसांनी रेडिओ खरखरू लागला. तोही नेमका मुले ऐकायला बसली, की! मला वाटले, या मुलाने रेडिओ उघडला असणार. मी त्याला भर वर्गात उभे केले.

"सर, मी रेडिओ उघडला नाही," तो म्हणाला. थोडा वेळ घुटमळून त्याने पुढे सांगितले, "पलीकडच्या खाणावळीत चटणी वाटतात ना सर, तेव्हाच तो खरखरतो."

सारा वर्ग खो खो हसला. शाळेच्या भिंतीला लागून एक खाणावळ होती हे खरे. तिथे नवा मिक्सर आला होता हेही खरे. पण चटणीने रेडिओ बिघडतो, हे कोण खरे मानणार? मला तो उद्धटपणा वाटला. "कारणं सांगू नकोस," मी गरजलो आणि रेडिओचे काम त्याच्याकडून काढून घेतले. पुढे खाणावळवाल्याची जेवणाची वेळ बदलली की काय कोण जाणे, खरखर थांबली. मला तो माझ्या शिक्षेचाच परिणाम वाटला!

चाळीस वर्षांनंतर माझ्या माडीवर माझ्याच रेडिओने त्या मुलाची साक्ष दिली होती. त्याने जे पाहिले होते तेच तो बोलला होता. मिक्सर सुरू होतो तेव्हा खरखर होते, बंद होतो तेव्हा ती थांबते, हे त्याने पुन्हा पुन्हा पाहून ठरवले होते. शास्त्रज्ञ याहून वेगळे काय करतो?

दुसऱ्या दिवशी मी आणि नात तिच्या विज्ञानाच्या बाईंकडे गेलो. बाईंनी सेलवर चालणाऱ्या खेळण्यातली एक निकामी मोटार आमच्यापुढे उघडून ठेवली. (मुलांनो, घरातल्या विजेवर चालणारी यंत्रे मात्र तुम्ही कधीही उघडू नका.) कवचाच्या आत दोन बाजूंना लोहचुंबक होते. मध्ये तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी होती. वेटोळ्यांच्या टोकाशी एक कडे होते; पण ते अखंड नव्हते, त्याचे तीन तुकडे होते. त्या कड्याला दोन बाजूंनी धातूच्या दोन पट्ट्या टेकल्या होत्या. त्यांना ब्रश म्हणतात. सेलमधली वीज ब्रशातून कड्यात आणि कड्यातून वेटोळ्यात जाते. मोटार फिरते तसा ब्रश एक तुकडा सोडून दुसऱ्या तुकड्यावर येतो. त्यामुळे वेटोळ्यातला प्रवाह योग्य क्षणी उलटतो आणि मोटार एकाच दिशेने फिरत राहते.

"खोडी इथंच आहे," बाई म्हणाल्या. "एस. टी. भरधाव चालली असताना ड्रायव्हरनं एकदम ब्रेक दाबला, तर उभ्या प्रवाशांचं काय होतं?"

"सगळे पुढं कोसळतात," नात म्हणाली.

"वेटोळ्यातल्या विजेचंही तसंच असतं. वाहता प्रवाह एकदम तोडला, की तो थांबायला तयार होत नाही. तेवढ्या क्षणापुरता दाब एकदम वाढतो आणि तो प्रवाह ब्रश आणि कडं यांच्यामधल्या फटीतून उडी मारतो. ती उडी म्हणजे ठिणगी."

अशा ठिणग्या किती उडत असतील? हा हिशेब बाईंनी माझ्याच गळ्यात घातला. गाड्याचे चाक एकदा फिरते तेव्हा दातेरी चक्रांमुळे आतली मोटार ४८ वेळा फिरते. चाक सेकंदाला दोन फेरे घेत असेल, तर मोटार ९६ फेरे घेते. तीन तुकडे आणि दोन ब्रश, म्हणजे दर फेऱ्यात सहा वेळा अदलाबदल. ९६ गुणिले ६ बरोबर ५७६. सेकंदाला ५७६ वेळा प्रवाह तुटतो आणि प्रत्येक वेळी ठिणगी उडण्याची संधी असते. तीही एका नव्हे, दोन मोटारींत!

आता ठिणगी म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हे. सारी बिनतारी विद्या तिच्याच पोटी जन्मली. १८८७ साली जर्मनीतील कार्ल्सरूह येथे हाइन्रिख हर्ट्झ या शास्त्रज्ञाने एका ठिकाणी ठिणगी पाडली. तेव्हा काही अंतरावर ठेवलेल्या तारेच्या कड्याच्या फटीत आपोआप इवलीशी ठिणगी चमकली. मध्ये तार नव्हती. ठिणगीने विद्युतचुंबकीय लहरी निर्माण केल्या होत्या आणि त्यांनी हे काम केले होते. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशाच लहरी भिंतीपलीकडे पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक ही आगबोट बुडू लागली, तेव्हा तिची मदतीची हाक ठिणग्यांनीच समुद्रावर पसरवली. कार्पेथिया या आगबोटीने ती ऐकली, म्हणून सातशेहून अधिक जीव वाचले. पण ठिणगीला एक खोड आहे. ती एका सुरात बोलत नाही, एकाच वेळी असंख्य सुरांत ओरडते. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बोलणे तिच्यात बुडून जाते. म्हणून पुढे बिनतारी यंत्रांतून ठिणगीची पद्धत मागे पडली.

आमच्या गाड्यात नेमके हेच होत होते. मोटारींच्या ठिणग्या ओरडत होत्या. गाड्याचा दुसरा डोळा एका क्षीण प्रतिध्वनीकडे कान देऊन बसला होता. त्याच्या तारांत ही खरखर शिरत होती आणि बिचारी निळी पाटी तिलाच प्रतिध्वनी समजत होती. गाड्याचे कान शाबूत होते, मेंदू शाबूत होता. पण त्याच्याच पायांच्या गोंगाटात त्याला काही ऐकू येत नव्हते.

दिवा लुकलुकण्याचे कारण मात्र थोडे वेगळे निघाले. थांबलेली मोटार चालू होते त्या क्षणी ती नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. चार सेलांवर सगळ्यांचा संसार चालला होता. मोटारींनी मोठा घास घेतला, की पाटीच्या वाट्याला येणारा दाब खाली जाई आणि ती मूर्च्छा येऊन पुन्हा जागी होई.

बाईंनी उपाय सांगितले आणि आम्ही कामाला लागलो. पहिला उपाय, मोटारींची चूल वेगळी मांडायची. त्यांना स्वतंत्र सेल दिले, पाटीला स्वतंत्र दिले आणि दोन्हींची ऋण टोके फक्त एका ठिकाणी एकत्र जोडली. दुसरा उपाय, मोटारीकडे जाणाऱ्या दोन तारांना दोरीसारखा पीळ घालायचा. एका तारेतून प्रवाह जातो आणि दुसरीतून परततो. त्या एकमेकींना बिलगून राहिल्या, की एकीचा बाहेरचा परिणाम दुसरी बव्हंशी पुसून टाकते. तिसरा उपाय, डोळ्यांच्या तारा मोटारींच्या तारांपासून शक्य तितक्या दूर न्यायच्या.

चौथा उपाय सगळ्यांत महत्त्वाचा. बाईंनी मसुरीच्या दाण्याहून थोडे मोठे असे काही तपकिरी दाणे आमच्या हातावर ठेवले. प्रत्येकाला दोन पाय होते. याला पुस्तकात धारित्र म्हणतात आणि दुकानात कपॅसिटर. अंगावर १०४ हा आकडा होता. तो वाचण्याची रीत मजेची आहे. पहिले दोन अंक तसेच घ्यायचे आणि तिसरा अंक सांगेल तितकी शून्ये पुढे मांडायची. १० आणि पुढे चार शून्ये, म्हणजे एक लाख पिकोफॅरड, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड. फॅरड हे नाव मायकेल फॅरडेवरून पडले आहे. विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती अखंड फिरत ठेवण्याची करामत प्रथम १८२१ साली त्यानेच करून दाखवली होती. म्हणजे मोटारीचा आद्य जनक तो आणि तिच्या गोंगाटावरचे औषधही त्याच्याच नावाने मोजायचे!

हे औषध काम कसे करते? पंपाचे पाणी धक्क्याधक्क्याने येते. पण ते हौदात पडले, की हौदाच्या तोटीतून शांतपणे वाहते. धारित्र हा विजेचा इवलासा हौद आहे. सेलच्या संथ प्रवाहाला तो आपल्यातून वाट देत नाही. ठिणगीचा अचानक आलेला लोंढा मात्र स्वतःत सामावून घेतो.

आम्ही ते दाणे निळ्या पाटीजवळ तारांना जोडले. तिथे हात सहज पोहोचत होता. गाडा सुरू केला. पाटीची मूर्च्छा पार थांबली. आकडेही पुष्कळ सुधारले. तरी दहा-बारा वेळा मोजल्यावर एखादा भलताच आकडा उमटेच. रेडिओ तर अजून चांगलाच खरखरत होता. नातीचे तोंड पुन्हा उतरले.

मला तर दुसरीच टोचणी लागली होती. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तयार झालेली एक यादी माझ्याकडे होती. त्या मुलाचे नाव तिच्यात होते. तालुक्याच्या गावी त्याचे मोटार वाइंडिंगचे दुकान होते. जळलेल्या मोटारींना नव्या तारेची वेटोळी घालून देण्याचा तो व्यवसाय. क्रमांक लावताना माझा हात थोडा कापला, हे कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही.

"सर! आवाजावरून ओळखलं मी," तो म्हणाला.

मी प्रस्तावना केली नाही. "तू रेडिओबद्दल जे म्हणाला होतास ते खरं होतं," मी म्हणालो. "चटणीचं. मी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं. चूक माझी होती."

पलीकडून क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग तो शांतपणे म्हणाला, "सर, त्या दिवसानंतर मी तुमच्या तासाला कधी हात वर केला नाही. तुमच्या लक्षात आलं होतं?"

"नाही," मी खरे ते सांगितले.

हे उत्तर देताना मला जेवढे लाजिरवाणे वाटले, तेवढे आयुष्यात क्वचितच वाटले असेल. दोन वर्षे एक हात वर आला नाही आणि ते मला कळलेही नाही! माझ्या त्या गरजण्यात एक बारीक, खरा आवाज बुडून गेला होता आणि माझाच गोंगाट असल्यामुळे तो मला ऐकू आला नव्हता.

"ते जाऊ द्या सर," तो म्हणाला. आता त्याच्या स्वरात थोडे हसू होते. "गाडा कुठं अडलाय ते सांगा."

मी सारी हकिकत सांगितली. त्याने एकच प्रश्न विचारला, "कपॅसिटर कुठं लावलात? मोटारीपाशी, की पाटीपाशी?"

"पाटीपाशी."

"तिथंच चुकलं. मोटारीपासून पाटीपर्यंत वीतभर तार आहे ना? ती तार म्हणजे ठिणगीची एरियल झाली. पाटीपाशी पोहोचायच्या आधीच तिनं आपला आवाज घरभर पसरवला. ठिणगीला घराबाहेर पडूच द्यायचं नाही सर. मोटारीच्या दोन टोकांवरच एक दाणा जोडा, पाय अगदी आखूड ठेवून. आणि प्रत्येक टोकापासून मोटारीच्या धातूच्या कवचाला आणखी एकेक. कवच आधी कानशीनं घासून घ्या, म्हणजे डाख धरेल."

मी विद्यार्थ्यासारखे सारे कागदावर उतरवून घेतले. एका मोटारीला तीन, दोन मोटारींना सहा दाणे. नातीच्या वडिलांनी तापती सळई धरली आणि नातीने डाखाची तार पुढे केली. कथलासारखा चकचकीत डाख क्षणात वितळून पसरला आणि थिजला. सहा दाणे मोटारींना घट्ट चिकटून बसले.

गाडा सुरू करण्यापूर्वी नात जिन्याच्या तोंडाशी गेली आणि तिने धाकट्या भावाला हाक मारली. तो वर आला. पण दारातच उभा राहिला.

"तू काही तोडलं नव्हतंस," ती म्हणाली. "मी उगाच तुला बोलले. बटण तू दाब."

"आणि मीही तुला नीट विचारलं नाही," मी म्हणालो. "तू खरं सांगत होतास." मग मी त्याला खाणावळीची आणि चटणीची सारी गोष्ट सांगितली. माझी चूक झाकून न ठेवता सांगितली. तो डोळे विस्फारून ऐकत होता. आजोबांचीही चूक होते, ही बातमी त्याला गाड्याहून नवलाची वाटली असावी.

त्याने बटण दाबले. चाके गरगरली. पडद्यावर आकडे उमटू लागले : ३०, ३०, ३१, ३०, ३०. मी रेडिओ गाड्याजवळ नेला. अगदी कान लावला तेव्हा कुठे पुसटशी कुजबुज ऐकू आली. बाकी गाणे स्वच्छ ऐकू येत होते. गाडा जमिनीवर ठेवला. तो भिंतीपाशी गेला, थबकला, वळला, माझ्या काठीपाशी आला, पुन्हा वळला आणि आरामखुर्चीच्या पायांमधून सुखरूप बाहेर पडला. त्या दिवसापासून मीही त्याला 'रोबो' म्हणू लागलो. एवढा मान त्याने खचित कमावला होता.

आता संध्याकाळी आम्ही तिघे माडीवर बसतो. नात रोबोला नवे काही शिकवत असते, नातू त्याच्यापुढे पुस्तके मांडत असतो आणि मी रेडिओचा काटा फिरवत असतो. परवा असेच एक दूरचे केंद्र मोठ्या मुश्किलीने लागले होते. एवढ्यात रेडिओ खर्रर्र करून खरखरला. मी सवयीने रोबोकडे पाहिले. तो तर स्वस्थ उभा होता. माझी नजर आपसूक नातवाकडे वळली आणि माझ्या तोंडून शब्द बाहेर पडणार, तोच मी तो आवरला. नातू कान टवकारून जिन्याकडे पाहत होता. खालच्या स्वयंपाकघरातून घरघर ऐकू येत होती.

"आजोबा," तो हळूच म्हणाला, "चटणी!"